उकिरड्याची बारा वर्षं

परवा सकाळी आमच्या गल्लीत घंटागाडी आली तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या आजी डबे घेऊन खाली उतरल्या होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात, इमारतीला लिफ्ट नाही. एका हातात हिरवा डबा, दुसऱ्या हातात निळा. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी करून निळ्या डब्यात ठेवलेल्या. ओल्या-सुक्यासाठी गाडीत मधोमध पत्रा असतो. त्या दिवशीच्या गाडीत पत्रा नव्हताच. गाडीवरच्या मुलाने दोन्ही डबे एकामागून एक त्याच ढिगात उलटे केले. धुतलेल्या पिशव्यांवर आदल्या दिवशीची आमटी सांडली.

"अरे बाळा, वेगळं करून आणलं होतं रे," आजी म्हणाल्या.

"आजी, रॅम्पवर गेल्यावर सगळं एकच होतं," तो म्हणाला.

रॅम्प म्हणजे घंटागाड्या जिथे रिकाम्या होतात ती जागा. मुलाच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. तो खरं तेच सांगत होता. त्याला जशी गाडी दिली तशी तो चालवतो, त्यामुळे त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. राग काढायचा तो त्या नसलेल्या पत्र्यावर. हवामान बदलावरच्या परिषदा, आराखडे, शहरांनी घेतलेल्या शपथा, सगळं त्या पत्र्यापाशी येऊन अडतं.

कार्बन उत्सर्जन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोळशाची वीजकेंद्रं येतात, हायवेवरचे ट्रक येतात, विमानं येतात. चहाचा चोथा, वांग्याचे देठ, नासलेला भात, देवावरून उतरलेलं निर्माल्य कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. ते यायला हवं.

भाजीची सालं आणि उरलेला भात प्लास्टिकच्या पिशवीत भरून गच्च गाठ मारा आणि दोन दिवस तशीच ठेवा. तिसऱ्या दिवशी पिशवी फुगलेली असते, तळाशी काळपट पाणी सुटलेलं असतं, गाठ सोडली की तोंड फिरवावं लागतं. आतली हवा जिवाणूंनी संपवलेली असते. हीच सालं वाळक्या पानांत मोकळी पसरली असती तर हवेवर जगणाऱ्या जिवाणूंनी त्यांची माती केली असती. हवा संपली की कामाला दुसरेच जिवाणू लागतात. पिशवीत हे सगळं नुकतं सुरू झालेलं असतं. तीस-चाळीस फूट कचऱ्याखाली दाबलं गेलं की ते वर्षानुवर्षं चालतं, आणि शेवटी त्यातून मिथेन बाहेर पडतो. डंपिंगमधून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेनच असतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवून धरतो, वीस वर्षांचा धरला तर ८० पटींच्या आसपास.

आणि त्याला वास नसतो. नाकाला झोंबतो तो हायड्रोजन सल्फाइड आणि त्याचे भाऊबंद. त्यामुळे डेपोवर सुगंधी औषध फवारलं, वर मातीचा थर टाकला, आसपासच्या लोकांची तक्रार थांबली, म्हणजे काम झालं असं नाही. मुंबईतल्या देवनारच्या डंपिंगवर अशी फवारणी झालेली आहे. नाक शांत होतं, मिथेन वर जातच राहतो.

हिशेब एका घराचा मांडू. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ-मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, कचऱ्यातून किती मिथेन निघतो ते काढायची रीत घालून दिली आहे. त्या रीतीने एक किलो खरकटं खोल, उघड्या डंपिंगमध्ये गेलं तर कालांतराने त्यातून सुमारे ४० ग्रॅम मिथेन निघतो. त्याला २८ ने गुणा. एक किलो खरकटं म्हणजे एक किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड. चार माणसांच्या घरातून रोज एक किलो ओला कचरा निघाला तर वर्षाला चारशे किलो. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देणारी स्कूटर आठ हजार किलोमीटर चालवली की एवढा धूर होतो. स्कूटर विकून बसने जाणं सगळ्यांना जमत नाही, हे मान्य. खरकटं डंपिंगवर न पाठवणं मात्र बहुतेकांना जमण्यासारखं आहे.

सरकारी आकडा बघितला तर हा प्रश्न लहान दिसतो. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालात २०२० सालच्या देशाच्या एकूण उत्सर्जनात कचरा क्षेत्राचा वाटा २.५६ टक्के आहे, आणि त्यातच सांडपाणीही आलं. अडीच टक्क्यांत काय आहे, असं म्हणून फाइल बाजूला सारणारे मला भेटले आहेत. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या असतात. एक, हा कागदावर मांडलेला अंदाज आहे, डंपिंगच्या डोक्यावर मीटर लावून घेतलेला नाही. दुसरी, उपग्रहांनी जेव्हा वरून बघितलं तेव्हा वेगळंच दिसलं. ऑगस्ट २०२२ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात नेदरलँड्सच्या अवकाश संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा अभ्यास आला. दिल्ली, लाहोर, ब्वेनोस आयरिस आणि आपली मुंबई, अशी चार शहरं त्यात होती. या शहरांचं प्रत्यक्ष मिथेन उत्सर्जन रूढ नोंदींपेक्षा १.४ ते २.६ पट निघालं. मुंबईच्या एका डंपिंगमधून तासाला ९.८ टन मिथेन बाहेर पडताना दिसला. तासाला!

हे डंपिंग देवनारचं असेल असं वाटलं ना? ते कांजूरमार्गचं होतं. मुंबईचा बहुतेक कचरा आज तिथे जातो, आणि शास्त्रीय पद्धतीची जागा म्हणून ते दाखवलं जातं. तिथल्या बायोरिअ‍ॅक्टर पद्धतीत कचरा बंद कप्प्यात दाबायचा, त्यातलंच पाणी पुन्हा आत फिरवायचं, कुजणं वेगाने होऊ द्यायचं आणि निघालेला वायू नळ्यांनी गोळा करायचा. कल्पना चुकीची नाही. पण वेगाने कुजवलं की वायूही वेगाने निघतो, आणि जेवढा नळीत येत नाही तेवढा हवेत जातो. ओला कचरा आधी डोंगर करून पुरायचा आणि मग त्याचा श्वास नळीने पकडत बसायचं, या क्रमातच खोट आहे.

मराठीत एक म्हण आहे: बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते. माझी आजी ती गरिबाला धीर द्यायला वापरायची. तिचा उकिरडा मी पाहिलेला आहे. गोठ्यामागे कमरेइतका खड्डा, त्यात शेण, चुलीतली राख, पालापाचोळा, भाकरीचे करपलेले तुकडे. उन्हाळ्यात, मृग लागायच्या आत, बैलगाडी लावून तो उपसायचा आणि शेतात नेऊन पांगवायचा. दरवर्षी रिकामा होणारा, उथळ, निव्वळ कुजणाऱ्या वस्तूंचा उकिरडा. त्याची दैना बारा महिन्यांतच फिटायची.

देवनारचा उकिरडा १९२७ सालचा आहे. त्याला आठ वेळा बारा वर्षं झाली. सव्वातीनशे एकरांवर कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तिथे आग लागली, तिचा धूर अवकाशातून काढलेल्या छायाचित्रांत दिसला. परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या लोकांनी तो धूर छातीत घेतला. मलबार हिलचं खरकटं आणि गोवंडीचा खोकला, असा हा व्यवहार कित्येक दशकं चालू आहे. २०२५ साली तिथला १८५ लाख टन जुना कचरा उपसण्यासाठी महापालिकेने २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. भागाकार केला की टनामागे बाराशे-तेराशे रुपये होतात. जो कचरा आधी वाहून न्यायला पैसे मोजले, टाकायला मोजले, तोच आता उपसायला पुन्हा मोजायचे. उपसायला हवाच, त्याला माझा विरोध नाही. पण एका टोकाने उपसताना दुसऱ्या ठिकाणी तेवढाच ओला कचरा रोज पुरला जात असेल तर फक्त पत्ता बदलतो.

म्हणीतली बारा वर्षं मात्र इथे खरी लागू पडतात. मिथेन हवेत सरासरी सुमारे बारा वर्षं टिकतो. कार्बन डायऑक्साइडसारखा तो शतकानुशतकं छातीवर बसत नाही. आज पुरणं थांबवलं तर आज बालवाडीत असलेली मुलं कॉलेजात जाईपर्यंत त्याचा परिणाम हवेत दिसायला लागेल. वातावरणाच्या बाबतीत इतक्या लवकर हाती येणारं फळ दुसरं क्वचितच आहे. म्हणूनच ग्लासगोला नोव्हेंबर २०२१ मध्ये शंभराहून जास्त देशांनी २०३० पर्यंत मिथेन तीस टक्क्यांनी कमी करण्याचा संकल्प केला. भारताने त्यावर सही केली नाही. भातशेती आणि गाईगुरं हा आपल्या शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे, ही आपली बाजू मला पटते. पण डंपिंगवर कुणाचं पीक उभं नाही. तिथला मिथेन कमी करायला ग्लासगोच्या सहीची गरज नव्हती आणि नाही.

मग अडतं कुठे? माझ्या मते कंत्राटात. कचऱ्याची बहुतेक कंत्राटं टनावर असतात. जेवढे टन उचलाल, वाहाल, टाकाल, तेवढे पैसे. ओला कचरा जड असतो, कारण त्यात पाणी असतं. तो घरीच, सोसायटीतच जिरला तर वजनकाट्यावरचा आकडा निम्म्यावर येतो आणि त्याबरोबर बिलही. वेगळं केलेलं एकत्र करण्यात ज्याचं नुकसान नाही आणि कचरा कमी होण्यात ज्याचं नुकसान आहे, अशा व्यवस्थेकडून आपण कार्बन कपातीची अपेक्षा करतो आहोत. ती पुरी होणार नाही. डंपिंगपर्यंत न पोचलेल्या किलोचे पैसे द्यायला लागा, दोन वर्षांत चित्र बदलेल.

नियम काय म्हणतो? २०१६ च्या घनकचरा नियमांनी घराघरात वर्गीकरण सक्तीचं केलं, आणि वेगळा केलेला कचरा वेगळाच उचलण्याची जबाबदारी पालिकांवर टाकली. नागरिकाने मिसळला तर दंडाची पावती फाडतात. पालिकेच्या गाडीने मिसळला तर पावती कुणाच्या नावाने फाडायची? आजींनी हा प्रश्न विचारला तर त्यांना उत्तर द्यायला कुणी आहे का?

कचऱ्यापासून वीज, हा मधूनमधून येणारा मोठा शब्द. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओला. ओलं लाकूड चुलीत घालून बघितलेल्या कुणालाही यातली अडचण कळेल. पाणी उडवण्यातच उष्णता जाते. जे धडधडून जळतं ते प्लास्टिक, आणि प्लास्टिक म्हणजे खनिज तेल. ते जाळून कार्बन कमी होत नाही.

ज्यांनी हे करून दाखवलं ते लांबचे नाहीत. वेंगुर्ल्याला जा. छोटी नगरपालिका, पण रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा व्हायला लागला, ओल्याचा बायोगॅस झाला, आणि जिथे नाक धरून जायचं त्या डंपिंगच्या जागेवर लोक सहलीला यायला लागले. पुढे ते कल्याण-डोंबिवलीत गेले, आणि २०२१ साली कल्याणचं आधारवाडी डंपिंग बंद झालं. म्हणजे लहान गावातच जमतं, ही सबबही गेली.

इंदूरला तर आपलीच माणसं घरोघर आहेत, होळकरांपासूनची. त्यांना फोन करून विचारा, मिसळलेला कचरा गाडीवाला घेतो का. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला, दिवसाला सतरा टन गॅस काढण्याच्या क्षमतेचा. तिकडच्या सिटी बस त्यावर धावतात. हा प्रकल्प चालतो तो यंत्र भारी आहे म्हणून नव्हे. त्याच्या तोंडाशी येणाऱ्या कचऱ्यात प्लास्टिक, काच, चिंध्या नसतात म्हणून चालतो. तेच यंत्र आणून आमच्या रॅम्पवरचा माल त्यात घाला, आठवड्यात बंद पडेल. मग यंत्र वाईट ठरतं आणि पुन्हा डंपिंगची वाट धरली जाते. महाराष्ट्रातल्या किती बायोगॅस प्रकल्पांचा असा अंत झाला, हे त्या त्या गावच्या पत्रकारांना विचारा.

आणि पुणेकरांनी लांब बघायचीच गरज नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली इथेच उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. त्या बाया दारावर येतात, ओलं वेगळं घेतात, सुक्यातून पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, अ‍ॅल्युमिनियम निवडून भंगारात घालतात. अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून नवीन करण्याच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते. म्हणजे कोल्डड्रिंकचा एक डबा जेव्हा एखादी मावशी उचलून गोणीत टाकते, तेव्हा कुठेतरी कोळसा वाचतो. या कामाचा कार्बनमधला वाटा कुणी तिच्या हातात ठेवत नाही. हातमोजेही वेळेवर मिळत नाहीत. कंत्राटी गाड्या आणायच्या म्हटलं की सगळ्यात आधी हिच्याच पोटावर पाय येतो. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मूर्खपणाचंही, कारण हाताने निवडणारं माणूस आणि सगळं दाबून एक करणारी गाडी यांत कार्बन कोण वाचवतं हे उघड आहे.

पुण्यातलंच आणखी एक नाव घेतो. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने शेणाऐवजी खरकट्यावर चालणारा घरगुती बायोगॅस संच बनवला. प्लास्टिकच्या दोन टाक्या, एकीत दुसरी उपडी घातलेली. शिळा भात, पिठाचं पाणी, नासकी फळं घाला, वरची टाकी गॅसने हळूहळू वर उचलली जाते. २००६ साली त्याला अ‍ॅश्डेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जो मिथेन डोंगरातून फुकट वर जातो, तोच इथे शेगडीत निळा जळतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' बायोगॅस तंत्र उभं केलं, तेही याच ओल्या कचऱ्यावर. देवनारपासून भाभा केंद्र किती लांब आहे? नकाशा काढून बघा.

दक्षिण कोरियाने २००५ साली खरकटं थेट जमिनीत पुरायला बंदी घातली आणि २०१३ पासून वजनावर पैसे घ्यायला लागले. आज त्यांचं जवळपास सगळं खरकटं खत, पशुखाद्य आणि गॅस यांत जातं. तिकडचे लोक आपल्यापेक्षा वेगळ्या मातीचे नाहीत. त्यांच्याकडे फक्त गाडीतला पत्रा जागेवर आहे.

आमच्या सोसायटीत चार वर्षांपूर्वी मागच्या भिंतीलगत विटांचे दोन हौद बांधले. विटांमध्ये फटी ठेवलेल्या, हवा खेळायला. पहिल्या महिन्यात अळ्या झाल्या, वास सुटला, सभेत आवाज चढले, हौद बुजवायचा ठराव येऊ घातला. बागेत काम करणाऱ्या मावशींनी एक दिवस काठीने ढवळून बघितलं आणि म्हणाल्या, "साहेब, याला पाणी झालंय. पानं घाला." तेव्हापासून खरकट्याच्या प्रत्येक थरावर झाडलेल्या पानांचा थर पडतो. आठवड्यातून एकदा मावशी फावड्याने वर-खाली करतात, त्याचे त्यांना वेगळे पैसे देतो. थंडीच्या सकाळी त्या फावडं मारतात तेव्हा हौदातून वाफ निघते. मी हात घालून बघितला आहे, आत फार वेळ ठेववत नाही इतकी ऊब असते. वास येतो तो पहिल्या पावसाचा. अडीच-तीन महिन्यांनी काळं, भुसभुशीत खत निघतं आणि ते न्यायला आता रांग असते. अडतीस घरांचा ओला कचरा चार वर्षांत गाडीत चढलेला नाही.

तुमच्या प्रभागात येत्या आठवड्यात एवढं करा. गाडी आली की खाली उतरा आणि आत बघा, पत्रा आहे की नाही. नसेल तर फोटो काढा, तारीख-वेळ लिहा, प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नगरसेवक मत मागायला येतील तेव्हा त्यांना रस्ता-पाण्याबरोबर विचारा की आपल्या प्रभागाचं कचऱ्याचं कंत्राट टनावर आहे का, आणि असेल तर का. आणि आजींसारखं कुणी तुमच्या जिन्यात असेल तर त्यांचे डबे खाली न्या. आमच्या शेजारच्या आजींनी त्या दिवसानंतरही डबे एक केलेले नाहीत. आज सकाळीही त्या दोन डबे घेऊन उभ्या होत्या. गाडीत पत्रा अजून बसवलेला नाही.